यादीतून गळालेलं नाव

२०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. त्या आठवड्यात माझ्या मोबाईलवर एकच मेसेज निदान सहा ग्रुपमधून आला. उर्दूत होता, वर तिरंगा आणि चंद्रकोर. जामिया मिल्लिया इस्लामियाचे दोन माजी विद्यार्थी या मोहिमेच्या टीममध्ये आहेत, अल्हमदुलिल्लाह, जास्तीत जास्त शेअर करा. मीही केला. शाळेच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला, मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला. वर्गातही दोन्ही नावं फळ्यावर लिहिली.

दोन दिवसांनी मूळ बातमी वाचण्यात आली. जामियाने तीन माजी विद्यार्थ्यांचं अभिनंदन केलं होतं. तिघंही जामियातून इंजिनीअर झालेले. त्यातला एक मुलगा हिंदू होता. मेसेज दिल्लीहून आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत येईतो त्याचं नाव वाटेत कुठेतरी गळून पडलं होतं. ते कोणी काढलं, मला माहीत नाही. बहुधा कोणी रागाने काढलं नसेल. ‘आपले कोण’ एवढंच ज्याला मोजायचं होतं, त्याच्या हिशेबात ते नाव बसलं नसेल. मी फळ्यावर तिसरं नाव लिहिलं नाही, ग्रुपवर दुरुस्ती टाकली नाही. आळस म्हणा किंवा लाज म्हणा.

हे आता आठवायचं कारण, दर वर्षी ऑगस्ट आला की अवकाश क्षेत्रातल्या पुरस्कारांची चर्चा सुरू होते. २३ ऑगस्ट आता राष्ट्रीय अंतराळ दिन आहे. शाळेला परिपत्रक येतं, भित्तीपत्रकं होतात, भाषणं होतात, आणि स्टाफरूममध्ये कोणीतरी पुरस्कारांची यादी उघडून विचारतं, ‘अपना कोई है क्या?’

चांद्रयान-३ च्या त्या एका लँडिंगला पुढच्या सव्वा वर्षात काय काय मिळालं बघा. डिसेंबर २०२३ मध्ये आइसलँडमधल्या हुसाविक गावच्या संग्रहालयाने लीफ एरिक्सन पुरस्कार दिला. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या स्पेस फाउंडेशनने जॅक स्विगर्ट पुरस्कार दिला. २२ ऑगस्ट २०२४ ला राष्ट्रपती भवनात पहिल्यांदाच दिल्या गेलेल्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांमध्ये ‘विज्ञान टीम’ हा सन्मान मिळाला. ऑक्टोबरमध्ये इटलीत, मिलानला, आंतरराष्ट्रीय अंतराळ महासंघाचा वर्ल्ड स्पेस अवॉर्ड मिळाला. आइसलँडमध्ये पुरस्कार घ्यायला आपले राजदूत गेले, अमेरिकेत ह्यूस्टनचे महावाणिज्यदूत, मिलानमध्ये इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ. राष्ट्रपती भवनात प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल पुढे आले. चार पुरस्कार, आणि चारही वेळा फोटोत पुरस्कार घेणारा माणूस एक. त्यात गैर काही नाही, चषकाला कितीजण हात लावणार? पण त्या हातामागे कोण होतं, हे कोणीतरी सांगायला हवं की नको?

राष्ट्रीय विज्ञान पुरस्काराची रचना मला म्हणूनच लक्षात राहिली. केंद्र सरकारने विज्ञान खात्यांचे जुने पुष्कळसे पुरस्कार बंद करून हे नवे सुरू केले. विज्ञान रत्न, विज्ञान श्री, तरुणांसाठी विज्ञान युवा, आणि चौथा विज्ञान टीम. शेवटचा तीन किंवा अधिक जणांच्या गटाला देता येतो. पहिल्या वर्षी एकूण ३३ पुरस्कार दिले गेले, त्यात टीमचा फक्त एक, चांद्रयान-३ चा. बाकी सगळे व्यक्तींना. जुने पुरस्कार बंद करण्यावर टीका झाली आणि त्यातली काही मला पटते. पण टीम नावाचा वेगळा रकाना उघडला, हे चांगलं झालं. नोबेलचा नियम तीन माणसांच्या पुढे जात नाही. २०१७ साली गुरुत्वीय लहरींच्या शोधाबद्दल भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं, आणि ज्या शोधनिबंधातून तो शोध जगाला कळला त्यावर हजाराहून जास्त लेखकांची नावं होती.

अवकाशाच्या कामात तर एकट्याचं असं काही नसतंच. रॉकेटच्या बाजूला जे दोन जाडजूड घन इंधनाचे बूस्टर असतात, त्यांच्या धातूच्या कवचांचे भाग पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात तयार झाले. विकास इंजिनं मुंबईत विक्रोळीला, गोदरेजमध्ये. तिथे लेथवर, वेल्डिंगवर, तपासणीच्या टेबलावर काम करणारी माणसं मराठी बोलणारी असतील, भोजपुरी बोलणारी असतील, आमच्यासारखी दखनी बोलणारीही असतील. वेल्डमध्ये केसाएवढी फट राहिली असती तर पुढचं काही झालंच नसतं. ‘विज्ञान टीम’ म्हणताना ही माणसं टीममध्ये धरायची का? पुरस्कार देणारे धरत नाहीत. आणि ‘आपले कोण’ मोजणारे आपणही त्यांना धरत नाही. आपल्याला इंजिनीअर पाहिजे, शास्त्रज्ञ पाहिजे. वेल्डर ‘आपला’ असला तरी त्याचा मेसेज कोणी फिरवत नाही.

आता उलट बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून कोणी म्हणेल, बघा, मुसलमान शिक्षकच सांगतोय की नावं मोजू नका. मी तसं म्हणत नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आयएएसमध्ये मुसलमान तीन टक्के, आयपीएसमध्ये चार टक्के असल्याचं लिहिलं आहे. ज्या समाजाची गत अशी, तो यादीत आपलं नाव शोधणारच. आमच्या शाळेतल्या मुलीला टीव्हीवर निगार शाजी दिसतात तेव्हा तिच्या मनात काय होतं, ते मी समोर उभा राहून पाहिलंय. २ सप्टेंबर २०२३ ला आदित्य-एल१ सूर्याच्या अभ्यासासाठी निघालं, त्याच्या प्रकल्प संचालक त्या. तमिळनाडूतल्या सेंगोट्टई गावच्या, वडील शेतकरी, शिक्षण सरकारी मुलींच्या शाळेत. १९८७ साली इस्रोत आल्या. सहा जानेवारी २०२४ ला यान पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचलं, तेव्हा त्यांच्या नोकरीला छत्तीस वर्षं होऊन गेली होती. मी वर्गात सांगितलं तर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, छत्तीस साल? तब तक किसीने पूछा भी नै?’

मी तिला म्हटलं, ऑफिसात विचारलं असेल की, आपण विचारलं नव्हतं.

तमिळनाडू सरकारने त्या वर्षी आपल्या राज्यातल्या नऊ अवकाश शास्त्रज्ञांना प्रत्येकी पंचवीस लाख रुपये देऊन गौरवलं. निगार शाजी त्यात होत्या, वीरमुथुवेलही होते. वीरमुथुवेल यांचे वडील रेल्वेत तंत्रज्ञ, हे स्वतः विळुप्पुरमच्या पॉलिटेक्निकपासून शिकत वर आलेले. त्यांनी ते पंचवीस लाख ज्या ज्या संस्थांत शिकले त्यांना देऊन टाकले. मला या बातमीतली रक्कम मोठी वाटली नाही. एवढा मोठा माणूस पॉलिटेक्निक विसरला नाही, हे मोठं वाटलं. आमच्याकडे दहावीला कमी मार्क पडलेल्या पोराला ‘जा आयटीआयला, जा डिप्लोमाला’ असं ज्या आवाजात म्हणतात, तो आवाज सगळ्यांनी ऐकला आहे.

मुसलमान शास्त्रज्ञाचं नाव मोजण्याची सवय फक्त आपल्यालाच आहे असंही नाही. दर वर्षी १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, आमच्या शाळेत पाहुणे येतात. कोणी पंचायत समितीचे, कोणी बँकेचे. चांगली माणसं असतात. पण प्रत्येकाचं भाषण एकाच वाक्यावर येऊन थांबतं: मुलांनो, कलामांसारखे व्हा. दुसऱ्या शाळांतही म्हणत असतील, पण आमच्या शाळेत ते म्हणताना आवाज थोडा बदलतो. समोर गोल टोप्या आणि ओढण्या दिसत असतात ना. मग ‘कलामांसारखे व्हा’चा अर्थ ‘शास्त्रज्ञ व्हा’ एवढा राहत नाही, ‘चांगले मुसलमान व्हा’ असा होतो. मुलांना तो बरोबर कळतो. कलामसाहेबांचा यात काही दोष नाही.

कलामसाहेबांची गोष्ट सांगायचीच तर पूर्ण सांगावी. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. मोहिमेची जबाबदारी कलामांवर होती. पण पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि अपयश आपल्या अंगावर घेतलं. पुढच्या वर्षी १८ जुलैला तेच रॉकेट यशस्वी झालं, तेव्हा पत्रकार परिषदेला धवनांनी कलामांना पुढे केलं. ही गोष्ट कलामांनी स्वतःच आयुष्यभर शेकडो सभांत सांगितली. १९८१ साली कलामांना पद्मभूषण मिळाला, आणि त्याच वर्षी धवनांना पद्मविभूषण. आमच्या शाळेतला एकही पाहुणा आजवर ‘धवनांसारखे व्हा’ असं म्हणालेला नाही. मुलांना तर सोडाच, मास्तरांना, मुख्याध्यापकांना, संस्थाचालकांनाही म्हणालेला नाही. खरी गरज आम्हालाच आहे.

अपयशाला पुरस्कार नसतो, ते ठीकच. पण पुरस्काराच्या निमित्ताने त्याची आठवण तरी काढता येते. ७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान-२ चं लँडर उतरता उतरता कोसळलं. त्या रात्री टीव्हीसमोर बसलेली मुलं सकाळी शाळेत येऊन माझ्याशी जवळजवळ भांडली. पुढच्या चार वर्षांत काय केलं गेलं? लँडरचे पाय मजबूत केले. आधी सेकंदाला दोन मीटर वेगाने जमिनीला टेकलं तर चाललं असतं, आता तीन मीटरलाही चालावं असं केलं. उतरण्याची जागा पाचशे मीटर लांब-रुंद होती, ती चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटरच्या आसपास वाढवली. पाच इंजिनांची चार केली. इंधन वाढवलं. वेग मोजायला नवं लेझर यंत्र बसवलं. आणि चांद्रयान-२ चं ऑर्बिटर तर चंद्राभोवती फिरतच होतं. नव्या लँडरला जागा निवडायला त्याचेच फोटो कामी आले, पृथ्वीशी बोलायला त्याचीही मदत झाली. म्हणजे २०२४ च्या टीम पुरस्कारात २०१९ ची टीम आहेच, फक्त तिचं नाव वाचलं गेलं नाही. गंमत बघा, अमेरिकेने ज्या जॅक स्विगर्टच्या नावाने चांद्रयान-३ ला पुरस्कार दिला, तो अपोलो-१३ चा अंतराळवीर. एप्रिल १९७० मध्ये त्याचं यान वाटेत बिघडलं, चंद्रावर उतरायचं राहून गेलं, तिघंही कसेबसे जिवंत परतले.

इथवर मी दुसऱ्यांबद्दल लिहिलं. आता माझं.

त्याच वर्षी, २०२३ च्या हिवाळ्यात, तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. आमच्या नववीच्या मुलांनी लँडरचं मॉडेल केलं. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान नाही. पण परीक्षक मराठीत विचारतात, आणि आमची मुलं उर्दू माध्यमाची. म्हणून दर वर्षी माहिती मराठीत लिहून देणं आणि ती मुलांच्या तोंडी बसवणं हे काम माझ्याकडे असतं. मॉडेलचं खरं डोकं एका मुलाचं होतं. वडिलांचं गेट-ग्रिलचं वेल्डिंगचं दुकान, हा शाळा सुटली की तिथेच. त्याने लँडरचे चार पाय लोखंडी सळईचे केले आणि आत स्प्रिंगा बसवल्या. टेबलाच्या उंचीवरून सोडलं तरी मॉडेल आडवं पडायचं नाही. पहिले तीन आठवडे पडायचं. दर वेळी तो पाय काढून घेऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी नवे घेऊन यायचा.

अर्जावर दोनच नावांची जागा होती. मी दोन नावं लिहिली. दोन्ही मुलं हुशार, दोघांचं मराठी स्वच्छ. त्याचं मराठी अडखळतं. ‘ळ’ येत नाही, लिंगं चुकतात, घाबरला की दखनीवर येतो. मी स्वतःला सांगितलं की शाळेच्या भल्यासाठी करतोय, परीक्षकांसमोर पोरगं गप्प राहिलं तर सगळ्यांचंच नुकसान. तालुक्यात तिसरा नंबर आला. प्रार्थनेच्या वेळी दोघांना प्रमाणपत्रं दिली, टाळ्या झाल्या. मधल्या सुट्टीत तो स्टाफरूमच्या दाराशी आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, ‘सर, पाव तो मैंने बनाए थे ना?’

मी म्हटलं, हो बेटा, पण बोलायचं होतं ना.

चार वर्षं त्याला मराठी मीच शिकवत होतो. त्याला बोलता येत नव्हतं, तर त्यात त्याच्याइतकाच, खरं म्हणजे जास्तच, माझा वाटा होता. त्याची शिक्षा मी त्याला दिली आणि वर कारणही त्यालाच सांगितलं. ज्याने जामियाच्या यादीतून तिसरं नाव काढलं, त्याच्यात आणि माझ्यात काय फरक होता, ते मला आजही सांगता येत नाही. त्याने निदान अनोळखी माणसाचं नाव काढलं होतं.

(त्या मुलाचं नाव मी इथेही लिहिलेलं नाही. त्याला विचारल्याशिवाय लिहिणं बरं दिसलं नाही.)

नाव आणि बक्षीस यांचा विचार करताना मला जयंत नारळीकर आठवतात. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले आणि त्या वर्षीचा विज्ञान रत्न त्यांना मरणोत्तर जाहीर झाला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपलीच आद्याक्षरं उलटी केलेली. तोवर ते पद्मभूषण होते, नावावर बक्षीस सहज मिळालं असतं. त्यांना ते नावावर नको होतं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. इतकं मोठं नाव असलेला माणूस ते झाकून ठेवू शकतो. ज्याचं नाव अजून कुठेच आलेलं नाही, त्याला मात्र ते एकदा तरी छापलेलं बघायचं असतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आपल्याकडे जून-जुलैत प्रत्येक गावात गुणगौरव होतात. जमातीचे, ट्रस्टचे, एज्युकेशन सोसायटीचे, नगरसेवकाचे. नव्वद टक्केवाल्या त्याच मुलीला पाच ठिकाणी त्याच शाली आणि तशाच प्लास्टिकच्या ट्रॉफ्या. मी दोन कमिट्यांवर आहे, म्हणून घरचं सांगतोय. ट्रॉफीचा खर्च निघतो, पण प्रयोगशाळेत काचेची नळी फुटली तर वर्षभर नवी येत नाही. कमिटीत मी एकदा सुचवलं, की एक बक्षीस गटाला द्या, चार-पाच पोरांनी मिळून केलेल्या कामाला, आणि पाचही नावं स्टेजवरून वाचा. एक बुजुर्ग म्हणाले, ‘मास्टरसाब, फोटो में कौन आयेगा?’ सगळे हसले, मीही हसलो. विषय तिथेच राहिला. बुजुर्गांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. स्टेज लहान असतं, फोटोग्राफर घाईत असतो, आणि वर्तमानपत्रवाले एकच ओळ घेतात. पण पाच नावं वाचायला अर्धा मिनिट लागतं. राष्ट्रपती भवनात चालतं तर आमच्या शादीखान्यातही चालू शकेल.

आणि मेसेज फिरवणाऱ्या भावांना एकच विनंती. पुढच्या ऑगस्टला यादी येईल, तेव्हा पूर्ण फिरवा. तिघं असतील तर तिघंही. जामियाच्या वर्गात ते एकत्र बसले असतील, एकाच कॅन्टीनमध्ये चहा प्यायले असतील. त्यांना तोडण्याचं काम दुसरे लोक रोज करतातच, आपण कशाला करायचं?

तो मुलगा दहावीनंतर आयटीआयला गेला, वेल्डर ट्रेडला. मधे बाजारात भेटला, सलाम केला, आता चाकणला अप्रेंटिस आहे म्हणाला. तिथे सुपरवायझर मराठी बोलतो, तर मराठी आता बरं येतं, असंही म्हणाला. ‘ळ’ अजून येत नाही.

यंदाच्या प्रदर्शनाचा अर्ज परवा आला. पुन्हा दोनच नावांची जागा आहे. मॉडेल चौघांनी केलंय, दोन मुली आणि दोन मुलगे, आणि चौघांनाही मी महिनाभर मराठीत बोलायला लावलंय. एका मुलीचं वाक्य अजून मध्येच तुटतं. अर्जाला मागे एक कोरा कागद जोडून चारही नावं लिहिली आहेत. केंद्रप्रमुख तो कागद काढून टाकतील असं मुख्याध्यापक म्हणतात. शनिवारी अर्ज द्यायला मी स्वतः जाणार आहे.